बापलेकीचे डोळे

माझा भाऊ सूर्याचे डाग काढायचा. हे वाक्य बाहेर कुठे बोलायची सोय नव्हती. "भाऊ काय करतात?" "डाग काढतो." "लाँड्री आहे वाटतं?" असं ठरलेलं. समजावून सांगायचा कंटाळा येऊन पुढे पुढे मी "हो, आहे" म्हणून मोकळी व्हायला लागले. एकदा एक बाई खरंच शाई सांडलेला कोट घेऊन टेकडी चढून आल्या. दादाने त्यांना पाणी दिलं, सूर्य दाखवला आणि कोट तसाच परत पाठवला. "आमचे डाग पुसायचे नसतात," म्हणाला, "ते आपले आपण जातात."

एवढंच हसून घ्या. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

टेकडीवर लोखंडी घुमटाची एक लहान वेधशाळा होती आणि तिच्या पायथ्याशी आमच्या तीन खोल्या. वेधशाळा म्हटलं की लोकांना रात्र आठवते, तारे आठवतात. आमच्याकडे रात्री सगळे ढाराढूर झोपत. काम सकाळचं. ऊन स्वच्छ पडलं की दादा घुमटाची झडप सरकवायचा, दुर्बीण सूर्याकडे वळवायचा आणि तिच्या मागच्या बाजूला एका फळीवर पांढरा कागद लावायचा. दुर्बिणीला डोळा लावून सूर्याकडे कधीच बघायचं नसतं. डोळ्याच्या आतला पडदा क्षणात भाजतो, आणि त्या पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळे आपलं काय गेलं ते माणसाला लगेच समजतसुद्धा नाही. म्हणून सूर्य कागदावर पाडायचा. ताटलीएवढा पांढरा गोल, कडेला थोडा मंद, आणि त्यावर डाग. दिसेल तो डाग दिसेल तिथे पेन्सिलीने काढायचा, मोजायचा, खाली तारीख घालायची. ढग नसलेल्या प्रत्येक दिवसाचं एक चित्र. दादाने ही नोकरी मिसरूड फुटत होतं तेव्हा धरली आणि केस पिकले तरी सोडली नाही.

वहिनी गेली तेव्हा मी इथे आले. मुलगी शाळेत जायला लागली होती, तिच्या हनुवटीवर तीळ होता, आणि डागांत जन्म घालवणाऱ्या माणसाने मुलीला ठिपकी म्हणावं यात काही नवल नव्हतं. चार महिने राहून घडी बसवून देते म्हणाले, शिवणयंत्र घेऊन आले, आणि तिथेच म्हातारी झाले. दादा तसा गरीब माणूस होता. घरात मीठ संपलं तरी आवाज चढवायचा नाही. फक्त घुमटात गेला की त्याच्या अंगात कुणीतरी कडक मास्तर यायचा.

शाळांच्या सहली यायच्या तेव्हा मात्र तो खुलायचा. कागदावर पडलेल्या सूर्याशेजारी मोहरीचा एक दाणा ठेवायचा आणि म्हणायचा, "ही आपली पृथ्वी. घर, शाळा, समुद्र, सगळं या दाण्यात." मुलं वाकून वाकून बघायची. मग तो डागाकडे बोट दाखवायचा. एखादा मोठा डाग मोहरीचे पाच-सात दाणे सहज गिळेल असा असायचा. "काळा दिसतो ना? काळा नाहीये. सूर्य म्हणजे सगळा तापलेला वायू. वरचा थर साडेपाच हजार अंश तापलेला. डागाच्या जागी चुंबकाचा जोर इतका असतो की आतून वर येणारी उष्णता अडते. म्हणून तेवढी जागा दीड-दोन हजार अंशांनी थंड. हाच डाग एकटा उचलून रात्रीच्या आकाशात टांगला तर चंद्रापेक्षा लख्ख दिसेल. शेजार भगभगीत आहे म्हणून बिचारा काळा पडला." हे सांगताना तो माझ्याकडे बघून हसायचा, कारण लहानपणापासून गोरा तो आणि काळी मी.

रोजची चित्रं ओळीने मांडली की डाग एका कडेने शिरून साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्या कडेला जाताना दिसत. त्यावरूनच माणसाला पहिल्यांदा कळलं की सूर्यही स्वतःभोवती फिरतो. आणि तोही एका वेगाने फिरत नाही. मधला पट्टा पंचवीसेक दिवसांत फेरी पुरी करतो, टोकांकडच्या भागाला महिन्याच्या वर वेळ लागतो. घट्ट गोळा असता तर असं झालं नसतं. अकराएक वर्षांच्या फेऱ्यात डाग वाढतात, भरतात, मग ओसरतात, इतके की कधीकधी सूर्य अगदी कोरा दिसतो. दादाने असे तीन फेरे पाहिले आणि चौथ्यात तो होता. लोक मुलांची लग्नं मोजतात, आमच्याकडे हे मोजायचे.

आता त्याच्या कामातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळं त्यातून झालं. कागदावर बारीक ठिपका दिसला की तो खरा कशावरून? आधी कागद हलवायचा. ठिपका कागदाबरोबर सरकला तर तो कागदावरचा कण. मग दुर्बिणीची मागची काच फिरवायची. ठिपका गोल फिरला तर ती काचेवरची धूळ. दोन्ही करून जो जागचा हलत नाही तो सूर्याचा. दादा हे इतक्या सवयीने करायचा की जेवताना ताटात काही दिसलं तरी ताट हलवून बघायचा. जे दिसतं त्याची परीक्षा अशी होत होती. जे दिसत नाही त्याची परीक्षा कुणाकडेच नव्हती, आणि असायला हवी असं कुणाच्या मनातही आलं नाही.

ठिपकी शिकली आणि तिथेच दुसरी निरीक्षक म्हणून लागली. दादाला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं. नियम असा होता की दोघांनी आपापलं चित्र वेगवेगळं काढायचं. आधी दादा, मग कागद बदलून ठिपकी. पहिल्याच आठवड्यात मी वर डबा द्यायला गेले तर दोघं फळीपाशी उभी. ठिपकीच्या चित्रात मोठ्या डागाच्या बाजूला पेन्सिलीच्या टोकाने नुसते टेकवलेले चार-पाच ठिपके होते. दादाच्या चित्रात ती जागा कोरी होती.

"कागद हलवलास?"

"हलवला, बाबा. काचही फिरवली. जागेवरच आहेत."

दादाने वाकून, तिरपं होऊन, हाताची सावली करून बघितलं. "काही नाहीये तिथे."

"आहेत की."

"नव्या डोळ्याला हौस असते," तो म्हणाला. आवाज शांत होता. "मलाही सुरुवातीला असंच दिसायचं. माझ्या साहेबांनी खोडायला लावलं म्हणून वळण लागलं. एखादा डाग राहिला तर चालेल, नसलेला काढायचा नाही. ते सूर्याच्या नावावर खोटं लिहिणं झालं. खोड."

तिने खोडलं. भांडणारी पोर असती तर कागद तोंडावर फेकून खाली आली असती. पण आई नसलेल्या मुली एक तर फार भांडतात नाहीतर मुळीच भांडत नाहीत, आणि ही मुळीच न भांडणारी होती. वर्षभर असं चाललं. ती काढायची, तो बघायचा, ती खोडायची. पुढे खोडरबर लागेनासा झाला. दोघांची चित्रं शेजारी ठेवली तर कुणाचं कुठलं ते अक्षरावरूनच कळायचं. दादा येईल त्याला ती जोडी दाखवायचा. "बापलेकीचे डोळे एकाच मापाचे आहेत," म्हणायचा. त्याच्या उभ्या आयुष्यात मी त्याला बढाई मारताना ऐकलं असेल तर एवढीच.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं सूर्य हळूहळू शांत होत गेला. दादाच्या कागदावर तरी होत गेला. फेरा भरात यायची वेळ आली तरी डाग मोजकेच. सहलीच्या मुलांना तो सांगायला लागला की सूर्य सध्या विश्रांती घेतोय, असं पूर्वीही झालेलं आहे, एकदा तर माणसाच्या दोन पिढ्या डाग फारसे दिसलेच नव्हते. ते खरंही आहे, तसं झालेलं आहे. त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. तो वर्तमानपत्र वाचत होता, माझी शिवण उसवली तर दाखवत होता. फक्त समोरून दिवा आला की चिडायचा, आणि उन्हातून घरात शिरताना उंबऱ्याला ठेचकाळायचा. मग एकदा जिन्यावरून घसरला तेव्हा मी हाताला धरून डॉक्टरांकडे नेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "जुना आहे," डॉक्टर म्हणाले. "अंधुक उजेडात याचं भागतं. पांढऱ्या झगझगीत जागेवर बारीकसारीक काही असेल तर ते मात्र पार धुऊन जातं." दादाने मान हलवली. त्याच्या तेव्हा ध्यानात आलं की नाही, मला सांगता येणार नाही. माझ्या तर मुळीच आलं नाही.

शस्त्रक्रिया झाली. महिन्याभराने त्याला पुन्हा वर जायची परवानगी मिळाली, तेव्हा ठिपकी सामान आणायला खाली गावात गेली होती, म्हणून घुमटात त्याला मी घेऊन गेले. त्याने झडप उघडली, कागद लावला, आणि एकदम हसला. "अगं, जागा झाला! एका महिन्यात केवढा जागा झाला बघ!" मीही बघितलं. मोठ्या डागांच्या भोवती बारीक ठिपक्यांचा सडा पडला होता. त्याने कागद हलवला. ठिपके हलले नाहीत. मागची काच फिरवली. ठिपके तिथेच. त्याने पुन्हा कागद हलवला, पुन्हा काच फिरवली, आणि मग त्याचं हसू हळूहळू गेलं. तो स्टुलावर बसला. पेन्सिल हातात होती ती तशीच राहिली.

"सूर्य नाही गं जागा झाला," तो म्हणाला. "हे असंच होतं. रोज होतं."

एकेक ठिपका म्हणजे एखाद्या खंडाएवढी जागा, हे मी त्याच्याच तोंडून शंभरदा ऐकलेलं होतं. असे किती आले आणि गेले, आणि माझा भाऊ डोळ्यांत तेल घालून त्यांच्यासमोर उभा होता.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. कुणालाही काही कळलं नसतं. दादाने त्याच आठवड्यात मुख्य कचेरीला स्वतः कळवलं की माझी गेल्या दहा-बारा वर्षांची मोजणी कमी आहे, दोष सूर्याचा नसून माझ्या डोळ्यांचा आहे. कळवून टाकल्यावर जेवला नाही. मी चिडले, म्हटलं, सूर्याला काही फरक पडलाय का? तो म्हणाला, "त्याला कशाने पडणार? दर सेकंदाला चाळीस लाख टन वजन जाळून उजेड करतो, आणि असाच अजून पाच अब्ज वर्षं करेल. त्याला मी नसलो तरी चालतं. मला तो नसला तर काय राहिलं?" एवढं सरळ तो त्याच्या बायकोच्या मरणातही बोलला नव्हता.

मुख्य कचेरीतून एक तपासनीस बाई आल्या. मी त्यांच्यावर दात धरून बसले होते, पण बाई चांगल्या निघाल्या. जिना चढून दमल्या तरी आधी दादाच्या डोळ्यांची चौकशी केली. मग समजावून सांगितलं. "कुठल्याही दोन माणसांना सारखे डाग दिसत नाहीत. कुणी दहाच्या जागी आठ बघतो, कुणी बारा. आम्ही प्रत्येक निरीक्षकाचा एक गुणक ठरवतो आणि त्याने मोजणी सरळ करून घेतो. डोळा कमी बघतो यात काही बिघडत नाही. तो रोज सारखाच कमी बघायला हवा. तुमचा डोळा उतरत गेला. कुठल्या वर्षी किती उतरला ते कळलं तर सगळं वाचवता येईल. त्या काळात इथेच, याच दुर्बिणीवर, दुसरं कुणी चित्रं काढत होतं का? चांगल्या डोळ्यांचं?"

दादा ताडकन उठला. त्याच्या चेहऱ्यावर जी आशा आली ती बघवत नव्हती. "आहे की! माझी मुलगी. रोज काढलीयेत तिने, एक दिवस चुकला नाही. तिचे डोळे तरुण आहेत." आणि खोलीतल्या कपाटांची दारं त्याने स्वतः उघडली. ठिपकी दाराशी उभी होती. ती पुढे आली नाही. मला वाटलं, लाजली असेल.

बाईंनी एका दिवसाची दोन चित्रं घेतली, एकावर एक ठेवली आणि खिडकीच्या काचेवर उजेडात धरली. डागावर डाग बसला. दुसरी जोडी घेतली. बसला. मधल्या वर्षातली घेतली, शेवटच्या वर्षातली घेतली. बाईंचा चेहरा प्रत्येक जोडीला उतरत गेला. शेवटी कागद टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "असा मेळ पडत नाही हो. जुळ्या भावंडांतही पडत नाही." मग ठिपकीकडे वळून अगदी हळू विचारलं, "तुम्हाला जास्त दिसायचे का?"

"सुरुवातीला," ठिपकी म्हणाली.

"आणि मग खोडायचात?"

"सुरुवातीला खोडायचे." तिने पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "नंतर काही खोडावं लागलं नाही. दिसायचेच बंद झाले."

मी दादाकडे बघायचं टाळलं. तो टेबलापाशी गेला, बाईंच्या चहाच्या कपाला हात लावून बघितला आणि म्हणाला, "गार झाला. दुसरा आणू का?"

ती वर्षं बाद झाली. बाईंनी शक्य तेवढी खटपट केली, पण आधार द्यायला दुसरं काही नव्हतं. ज्या चित्रांनी दादाला वाचवायचं ती त्यानेच, स्वतःच्या हाताने, प्रेमाने, स्वतःच्या चित्रांसारखी करून ठेवली होती. कचेरीने तपासायला नेलेल्या चित्रांची खोकी परत आली तेव्हा ती कुठे ठेवायची हे विचारायलाही तो खोलीबाहेर आला नाही. मी आणि ठिपकीने ती भिंतीशी लावली. मला तेव्हा त्याचा राग आला होता, मनापासून. बारा वर्षं गेली त्याचा नाही. एका चांगल्या डोळ्याच्या पोरीला याने काय करून ठेवलं त्याचा. आणि राग काढायचा तरी कुणावर, तो तर आधीच संपलेला माणूस.

तरी एक आशा त्याने धरली होती. ते मला फार उशिरा कळलं. गेलेलं गेलं, पण ठिपकीचा डोळा अजून तिचा होईल, हे त्याने मनाशी घट्ट धरलं होतं. एका सकाळी त्याने मला वर बोलावलं. त्याचं स्वतःचं चित्र काढून झालं होतं आणि त्याने ते उलटं करून ठेवलं होतं. नवा कागद लावून तो ठिपकीला म्हणाला, "मी बाहेर उभा राहतो. मी बघणार नाही, विचारणार नाही. दिसेल ते काढ. चुकीचं काढलंस तरी काढ. आजपासून तुझं चित्र मी बघणारच नाही." आणि तो जिन्यावर जाऊन पाठ करून उभा राहिला. कठडा त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

घुमटात आम्ही दोघीच. कागदावर सूर्य थरथरत होता, हवा तापली की थरथरतो तसा. मी चष्मा पुसून वाकले. सुईत दोरा ओवणारे माझे डोळे आहेत, म्हातारे असले तरी. मधोमध एक मोठा डाग, त्याच्या मागे दुसरा, आणि दोघांच्या मध्ये बारीक ठिपके, सात तरी असतील. मी कागदाचा कोपरा हलवून बघितला. ते हलले नाहीत.

ठिपकीने मोठा डाग काढला. सावकाश, कडा नीट. मग दुसरा काढला. मग पेन्सिल मधल्या जागेवर नेली आणि तिथेच धरून ठेवली. मला वाटत होतं, टेकव गं, नुसती टेकव. पेन्सिलीचं टोक कागदापासून केसभर वर होतं, आणि ती जिथे बघत होती तिथेच ते ठिपके होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. सूर्य कागदावरून थोडा सरकला, तिने चाक फिरवून तो पुन्हा जागेवर आणला, आणि पुन्हा तशीच उभी राहिली.

मग तिने पेन्सिल खाली ठेवली आणि जिन्याकडे तोंड केलं.

"बाबा," तिने विचारलं, "तुम्हाला किती दिसले?"